झेनची 'नर्व्हस' : सीक्वेलमधल्या ज्यूडला आजारच का ठरवलं?

मृगजळी

'अ‍ॅडिक्टेड' संपवून लगेच 'नर्व्हस' वाचली, आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. झेन ही लेखिका बाईच्या वासनेबद्दल इतकं मोकळेपणाने लिहिते, मग तिच्या नायिकेला वासना असायला दर वेळी काहीतरी दुखणं का लागतं?

लेखिका ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. झेन हे टोपणनाव आहे. अमेरिकेतली ही कृष्णवर्णीय लेखिका १९९७ च्या सुमारास मैत्रिणींना ईमेलवर कथा पाठवायची. त्यांनी त्या पुढे पाठवल्या आणि बघता बघता अनोळखी बायका पुढच्या कथेची मागणी करायला लागल्या. प्रकाशक आले, पण त्यांना मजकूर सौम्य करून हवा होता. तिने नकार दिला, 'स्ट्रेबर' नावाने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि पुस्तकं स्वतः छापली. तिचं खरं आडनाव रॉबर्ट्स, ते उलटं लिहिलं की स्ट्रेबर होतं. पुढे सायमन अँड शुस्टरसारखी बडी कंपनी तिच्याकडे आली ती तिच्या अटींवर. वडील धर्मशास्त्राचे नावाजलेले अभ्यासक. ही एवढी पार्श्वभूमी पुस्तकं वाचताना मनात असावी असं मला वाटतं.

'अ‍ॅडिक्टेड'मधली झोई अटलांटात राहते. चांगला चाललेला धंदा, लहानपणापासून जिच्यावर प्रेम केलं तिलाच बायको म्हणून आणणारा जेसन, मुलंबाळं. तरी तिची भूक भागत नाही. नवऱ्यापाशी तिला ती बोलताही येत नाही, कारण त्याच्या मनात 'चांगली बायको' कशी असते याची एक ठाम मूर्ती आहे. ती बाहेर संबंध ठेवते, एकाशी नाही, अनेकांशी. मग डॉ. मार्सेला स्पेन्सर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंसमोर बसून सगळं सांगते. त्यातून लहानपणीची एक जखम वर येते आणि शेवटाकडे कादंबरी थरारकथा होते. पहिला अर्धा भाग मला फार आवडला. स्वयंपाकघरात, गाडीत, मीटिंगमध्ये बाईच्या मनात काय चालू असतं हे तिने लाज न धरता लिहिलं आहे. जेसन आणि झोई एकाच पलंगावर पाठ फिरवून झोपतात ते प्रसंग तर नुसते वाचूनही घुसमटायला होतं.

'नर्व्हस' २००३ ची. हिला सीक्वेल म्हणायचं ते मार्सेलामुळे. नायिका नवीन आहे, जॉन्क्विनेट. बुजरी, पुरुषांना घाबरणारी, कुणी जवळ आलं की आक्रसून जाणारी. आणि तिच्याच शरीरात ज्यूड आहे. जॉन्क्विनेटची शुद्ध हरपते तेव्हा ज्यूड बाहेर पडते, सजते, पुरुष निवडते, आणि मग जॉन्क्विनेटला काहीही आठवत नाही. मेसन नावाचा सज्जन तरुण जॉन्क्विनेटच्या आयुष्यात येऊ बघतो आणि ज्यूडला ते खपत नाही. शेवट फोडत नाही, बिनधास्त वाचा.

आता माझं म्हणणं. पहिल्या भागात झोईची वासना निदान झोईची होती. तिने पाप केलं असेल, घर धोक्यात घातलं असेल, पण रात्री जाऊन सकाळी घरी परतणारी बाई एकच होती. दुसऱ्या भागात लेखिकेने ती वासना उचलून वेगळ्या नावाच्या बाईत ठेवली. जॉन्क्विनेटच्या वाट्याला लाज आली आणि ज्यूडच्या वाट्याला इच्छा. वाचक म्हणून मला ज्यूडची पानं हवीहवीशी वाटतात, तिची भाषा तडफदार आहे, ती आली की कादंबरी चालायला लागते. पण मार्सेलाच्या खोलीचं दार उघडलं की ज्यूडचं काय होणार हे आपल्याला कळलेलं असतं. ती तिथे लक्षण म्हणून येते. लक्षणावर उपचारच करायचे असतात, त्याचं ऐकून कोण घेतं?

मार्सेला दोन्ही पुस्तकांत आहे, म्हणजे मालिकेची खरी नायिका तीच आहे असं मी धरते. मग दोन्ही पुस्तकांत वासना बोलायची जागा एकच ठरते, दवाखान्यातली खुर्ची. बाईला हवंसं वाटणं हे आधी कबूल करायचं, मग त्याचं मूळ शोधायचं, मूळ सापडलं की ते कुणीतरी केलेल्या अत्याचारात निघायचं. जिने प्रकाशकांना 'सौम्य करणार नाही' म्हणून परत पाठवलं त्या लेखिकेकडून मला सीक्वेलमध्ये एक पाऊल पुढे हवं होतं. अशी बाई हवी होती जिला काहीही झालेलं नाही, आणि तरीही तिला हवं आहे.

तुमचं मत वाचायला आवडेल. विशेषतः ज्यांनी दोन्ही वाचल्या आहेत त्यांचं.

परसदार

फार छान लिहिलंय. मी फक्त 'अ‍ॅडिक्टेड'वरचा २०१४ चा सिनेमा पाहिला होता आणि तो बघून पुस्तकाकडे वळावंसं वाटलं नाही. सिनेमात झोईचं आतलं बोलणंच हरवतं, उरतात ती गुळगुळीत घरं आणि सुंदर माणसं. आता पुस्तक वाचेन.

प्रश्न : दुसरी वाचायला पहिली वाचलेली असणं गरजेचं आहे का?

मृगजळी

@परसदार, कथा कळायला गरज नाही. पण पहिली वाचलेली असेल तर मार्सेला खोलीत आल्यावर तिच्याबद्दल तुमच्या मनात एक विश्वास तयार असतो, आणि लेखिका त्या विश्वासावर बरंच काही तोलून धरते. म्हणून क्रमानेच वाचा.

समईवात

मी समुपदेशनात काम करते, त्यामुळे थोडं त्या बाजूने लिहिते. पुस्तकाला उणं ठरवण्यासाठी नाही, पण धाग्यावर 'आजार' हा शब्द आला आहे तर तो नीट असावा.

जॉन्क्विनेटला जे आहे त्याला पूर्वी 'मल्टिपल पर्सनॅलिटी' म्हणत. १९९४ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने नाव बदलून 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' केलं. आपल्याकडे अजूनही लोक याची आणि स्किझोफ्रेनियाची, म्हणजे छिन्नमनस्कतेची, गल्लत करतात. दोन्ही पूर्ण वेगळे आहेत. खऱ्या आयुष्यात हे बहुतेक वेळा कादंबरीसारखं नाट्यमय दिसत नाही. वेगळे कपडे, वेगळा आवाज, वेगळं नाव असा थाट क्वचित. जास्त करून असतं ते विसरणं, वेळेचे तुकडे हरवणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं. माणूस ते लपवत असतो, अनेकदा वर्षानुवर्षं.

दुसरं, उपचारांचं उद्दिष्ट 'ज्यूडला घालवणं' हे नसतं. आधी सुरक्षितता आणि रोजचं आयुष्य सावरणं, मग झेपेल तसं जुन्या आघाताकडे जाणं, आणि त्यानंतर सगळ्या भागांचा एकमेकांशी मेळ बसवणं. चांगला उपचारकर्ता ज्यूडशीही आदराने बोलतो, कारण ती कधीतरी त्या मुलीला वाचवायला आलेली असते. म्हणजे मृगजळी, तुम्ही 'लक्षणाचं ऐकून कोण घेतं' असं म्हणता, तिथे माझं उत्तर आहे की ऐकून घ्यावंच लागतं. कादंबरी घेते का, हा वेगळा प्रश्न.

'अ‍ॅडिक्टेड'बद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत आहे, आणि कारणही देते. सेक्सचं व्यसन हे निदान म्हणून अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या २०१३ च्या सूचीत घेतलं गेलं नाही. त्यावर चर्चा झाली, प्रस्ताव आला, पुरावा अपुरा म्हणून बाजूला ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या सूचीत, जी २०२२ पासून लागू झाली, अनावर लैंगिक वर्तनाचं निदान आहे. पण तिथे स्पष्ट लिहिलं आहे की एखाद्याला होणारा त्रास जर फक्त नैतिक टोचणीचा किंवा लोक काय म्हणतील याचा असेल, तर तेवढ्यावर हे निदान करायचं नाही. झोईच्या त्रासातला किती भाग जेसनच्या भुवया उंचावण्याचा होता, हा विचार त्या दृष्टीने करून बघा.

विसरलेली आठवण उपचारात लख्ख वर येणं हा तर नव्वदीच्या दशकातल्या अमेरिकेचा मोठा वाद होता. घरंच्या घरं कोर्टात गेली. आठवण ही अशी पेटीत बंद करून ठेवलेली नसते, ती दर वेळी नव्याने जुळवली जाते. कादंबरीला तो मार्ग सोयीचा आहे, माणसांना तो महाग पडला.

पीचट्री

मी जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाच्या पूर्वेला राहते, वीस वर्षं होत आली. झेनची पुस्तकं पहिल्यांदा मी ऑफिसमधल्या एका कृष्णवर्णीय सहकारी बाईच्या टेबलावर पाहिली. तिने मला ती दिली आणि सांगितलं, आधी वाच, मग बोलू.

मृगजळी, तुमचा मुद्दा समजला, पण तो आपल्या बाजूने पाहिलेला आहे. तिथला इतिहास मध्ये आणला तर ज्यूड आणि जॉन्क्विनेट वेगळ्या दिसतात.

गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीय बाईबद्दल एक प्रतिमा मुद्दाम तयार केली गेली. ती कायम आसुसलेली, तिला काहीही चालतं, म्हणून तिच्यावर बळजबरी होऊच शकत नाही. बायबलमधल्या राणीवरून त्या प्रतिमेला 'जेझेबेल' म्हणतात. मालकाने केलेल्या अत्याचाराला कायद्यात गुन्हाच नव्हता, आणि ही प्रतिमा त्याचं समर्थन होती. गुलामगिरी संपली तरी प्रतिमा राहिली. त्यामुळे शिकलेल्या, चर्चला जाणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांनी दुसऱ्या टोकाला जाऊन स्वतःला वाचवलं. १८९६ मध्ये त्यांच्या मंडळांचा राष्ट्रीय संघ उभा राहिला. त्यांचं काम फार मोठं आहे, शाळा, पाळणाघरं, लिंचिंगविरुद्धची, म्हणजे जमावाने केलेल्या हत्यांविरुद्धची लढाई. पण त्याबरोबर सभ्यतेचं एक ओझंही आलं. कपडे, बोलणं, चालणं, सगळं निष्कलंक हवं. डार्लीन क्लार्क हाइन या इतिहासकार बाईंनी १९८९ मध्ये यावर लिहिलं की या बायकांनी मोकळेपणाचा आभास ठेवला आणि आपलं आतलं आयुष्य मात्र कुणाच्याही हाती लागू दिलं नाही. अत्याचाराच्या भीतीने शिकलेली ती एक कला होती.

आता परत 'नर्व्हस' बघा. एका शरीरात एक बाई आहे जी काहीही दाखवत नाही, आणि दुसरी आहे जी गोऱ्यांनी रंगवलेल्या त्या प्रतिमेसारखी वागते. माझ्या सहकारी बाईंनी मला हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्हा सगळ्यांच्या आजीने आम्हाला जॉन्क्विनेट व्हायला शिकवलं आणि रस्त्यावरचा प्रत्येक पुरुष आम्हाला ज्यूड समजतो. त्यांच्यासाठी ते दुभंगणं आजाराआधी इतिहासात घडलेलं आहे.

म्हणून 'काहीही न झालेली बाई' हवी, ही अपेक्षा मला समजते, पण त्या समाजात 'काहीही झालेलं नाही' असं म्हणता येणारी बाई लेखिकेने आणायची कुठून?

घाटरस्ता

मला प्रामाणिकपणे विचारायचं आहे. इतकी गंभीर चर्चा या पुस्तकांवर व्हावी असं त्यांत काय आहे? मी 'नर्व्हस'ची पन्नासेक पानं वाचली. वाक्यं सपाट, प्रत्येकाच्या कपड्यांचे ब्रँड, आणि मध्येच उपदेश. अमेरिकेतल्याच कृष्णवर्णीय लेखिकांनी याच विषयावर किती मोठं साहित्य लिहिलं आहे. ते सोडून हे का?

पीचट्री

@घाटरस्ता, हाच प्रश्न २००६ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्समध्ये निक चाइल्स या कृष्णवर्णीय लेखकानेच विचारला होता. आमच्या भागातल्या लिथोनियाच्या स्टोनक्रेस्ट मॉलमध्ये बॉर्डर्सचं पुस्तकांचं दुकान होतं. तिथे 'आफ्रिकन अमेरिकन साहित्य' असा फलक बघून ते आनंदाने गेले, आणि मांडणीवर सगळी अर्ध्या कपड्यांतली मुखपृष्ठं. नामवंत लेखकांची पुस्तकं त्यांच्यात दबलेली. त्यांना शरम वाटली, आणि आपली पुस्तकंही त्याच फळीवर आहेत याचं दुःख झालं. लेख खूप गाजला.

मला त्यांचं दुःख खरं वाटतं. पण दोष मुखपृष्ठांचा की फळीचा? गोऱ्या लेखकाची शृंगारिक कादंबरी 'रोमान्स'मध्ये जाते आणि गंभीर कादंबरी 'साहित्या'त. कृष्णवर्णीय लेखकाचं मात्र सगळं एकाच कपाटात, मग ते काहीही असो. ती व्यवस्था दुकानाने केली होती. बॉर्डर्स २०११ मध्ये बंद पडलं. डीकॅल्ब काउंटीच्या लायब्ररीत आजही झेनच्या प्रती पानं सुटेपर्यंत वाचलेल्या असतात.

मृगजळी

@घाटरस्ता, भाषेबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. वर्णन करताना ती घाईत असते, आणि उपदेशाची पानं मीही भरभर उलटली. पण तिचे संवाद ऐका. दोन मैत्रिणी फोनवर बोलतात तेव्हा त्या काय टाळतात, कुठे हसून विषय बदलतात, हे तिला अचूक येतं. ज्यूडच्या तोंडी ती जी भाषा घालते ती पाच वाक्यांत माणूस उभा करते.

आणि मोठं साहित्य वाचतेच. पण लाखो बायका सलूनमध्ये केस करून घेताना, बसमध्ये, पाळीच्या दिवसांत पलंगावर पडून जे वाचतात, त्यात त्यांना स्वतःबद्दल काय सांगितलं जातंय हे मला महत्त्वाचं वाटतं. म्हणूनच तर तिने ज्यूडला दवाखान्यात नेलं याचं मला वाईट वाटलं. गंभीर कादंबरीने नेलं असतं तर इतकं वाटलं नसतं.

@पीचट्री, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जेझेबेलच्या प्रतिमेचं तुम्ही सांगितलं ते लक्षात घेऊन ज्यूडची पानं परत चाळली. तिचा राग आता वेगळा ऐकू येतो. पण माझी तक्रार अजून तशीच उभी आहे, उलट जास्त टोकदार झाली. जॉन्क्विनेट ही भीतीने घडवलेली आणि ज्यूड ही दुसऱ्यांनी रंगवलेली असेल, तर तिसरी बाई कुठे आहे? त्याच समाजाने १९२० च्या दशकात ती बाई उभी केलेली आहे. मा रेनी आणि बेसी स्मिथ या गायिकांचे ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दुःखा-इच्छांची गाणी, ऐका. मला काय हवं, कुणाकडून हवं, कोण कमी पडला, हे त्या भर मंचावर गातात, आणि गाण्यात कुठे डॉक्टर येत नाही. मा रेनी तर तुमच्याच जॉर्जियातल्या कोलंबसची. म्हणजे 'आणायची कुठून' याचं उत्तर लेखिकेच्या अंगणातच होतं.

पीचट्री

मा रेनीचा मुद्दा मान्य. कोलंबसमधलं तिचं घर आता संग्रहालय आहे, आमच्यापासून दोनेक तासांवर. फक्त एवढंच म्हणेन की ब्लूज गाणाऱ्या बायकांना चर्चमधल्या बायकांनी जवळ केलं नव्हतं. झेनची वाचक रविवारी चर्चमध्ये असते. ती दोन्हीकडची आहे, आणि लेखिका धर्मशास्त्रज्ञाची मुलगी. ती त्या वाचकाशी बोलते आहे. मंचावरच्या बाईची कथा त्या वाचकाला आवडेल, पण ती 'ही मीच' म्हणेल का?

जुनाबाजार

वय झालेला वाचक आहे, त्यामुळे थोडं अवांतर वाटलं तर सांभाळून घ्या.

वासनेवरच्या लेखनाने कुठलं रूप घेऊन बाहेर पडायचं, हा प्रश्न मराठीनेही कोर्टात पाहिला आहे. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' आली. अश्लीलतेचा खटला झाला, मुंबई हायकोर्टात शिक्षा झाली, आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. त्या निकालात न्यायमूर्तींनी कथा पूर्ण वाचून पाहिली, तुकडे तोडून नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच्याही आधी र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते, त्यांच्यावरही खटले झाले. बाईलाही कामसुखाची इच्छा असते आणि त्यात गैर काही नाही, हे ते साध्या, कोरड्या मराठीत लिहायचे. तिथे आजार नव्हता, दुखावलेलं बालपण नव्हतं. शरीरशास्त्र होतं.

म्हणून मृगजळींची अपेक्षा मला परकी वाटत नाही. पण काकोडकरांच्या काळात आम्ही जे वाचलं त्यात बाईची इच्छा बहुतेक वेळा पुरुषाच्या नजरेतून लिहिलेली असे. नायक कवी, आणि बायका त्याच्या आयुष्यात येणाऱ्या. झेनच्या दोन्ही पुस्तकांत नजर बाईची आहे, हे माझ्या पिढीच्या वाचकाला पहिल्या पानापासून जाणवतं. माझ्या दिवंगत पत्नीने ही पुस्तकं वाचायला हवी होती असं वाटून गेलं. तिच्याशी या विषयावर बोलायला आमच्याकडे शब्दच नव्हते.

सांजदिवा

जुनाबाजार काका, तुमचा प्रतिसाद खूप आवडला.

सीक्वेलबद्दल एक मुद्दा. अर्बन फिक्शनमध्ये, म्हणजे शहरी कृष्णवर्णीय आयुष्यावरच्या या लोकप्रिय कादंबऱ्यांत, सीक्वेल हा नेहमीच वाचकाच्या हक्काचा विषय असतो. सिस्टर सोल्जा या लेखिकेच्या १९९९ च्या पहिल्या कादंबरीतल्या विंटर या नायिकेचं पुढे काय झालं याची वाट वाचकांनी बावीस वर्षं पाहिली. मधल्या काळात लेखिकेने त्याच कादंबरीतल्या मिडनाइट या पात्रावर लिहिलं, विंटरच्या बहिणीवर लिहिलं. आणि २०२१ मध्ये खुद्द विंटरचं पुस्तक आलं तेव्हा ती मरणानंतरच्या एका जगात होती. अनेक वाचक फार दुखावले. त्यांना ब्रुकलिनची विंटर हवी होती.

त्या तुलनेत झेनने झोईला सोडून दिलं हे मला शहाणपणाचं वाटतं. झोईची गोष्ट संपली होती. पण मार्सेलाला धागा बनवायचं तर मार्सेलाही बदलली पाहिजे ना? मृगजळी म्हणतात ती मालिकेची नायिका. मग दोन-दोन बायकांचं हे सगळं ऐकून तिला स्वतःबद्दल काय वाटतं? तिची स्वतःची भूक कुठे आहे? माझी खरी तक्रार ही. ऐकणारी बाई कादंबरीभर सुरक्षित अंतरावर बसून राहते, आणि तिच्याबरोबर आपणही.

समईवात

@सांजदिवा, हे फार नेमकं पकडलंत. ऐकणाऱ्यावर परिणाम होतो. आम्हाला त्यासाठी स्वतःच्या कामाबद्दल ज्येष्ठांशी नियमित बोलावं लागतं, नाहीतर माणूस आतून बधिर होतो किंवा रुग्णाच्या गोष्टीत वाहून जातो. ती बाजू लिहिणं सोपं नाही, पण त्या खुर्चीतली बाईसुद्धा बाई आहे हे दिसलं असतं तर 'डॉक्टर विरुद्ध ज्यूड' अशी मांडणी झालीच नसती.

नवीन_आयडी

नेहमीच्या आयडीने लिहायचं नाही म्हणून हा घेतला. फार सांगणार नाही.

माझ्या लहानपणी जे झालं ते झालं. मोठेपणी मला दोन गोष्टी एकत्र जमत नव्हत्या, घाबरणं आणि हवंसं वाटणं. हवंसं वाटलं की स्वतःचीच किळस यायची, जणू जे झालं त्याला माझी संमती होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बंगळुरूत होस्टेलवर 'नर्व्हस'ची फाटकी प्रत हाती आली. मी ती चवीने, गरम होऊन वाचली, आणि शेवटी शेवटी रडले. दोन्ही एकाच पुस्तकात झालं हे माझ्यासाठी मोठं होतं.

मृगजळी, तुम्हाला 'काहीही न झालेली बाई' हवी आहे. अशा बायकांच्या कथा मी नंतर खूप वाचल्या, त्या मला आवडतातही. पण ज्यांना काही झालेलं आहे त्यांनाही हवं असू शकतं, हे मला पहिल्यांदा ज्यूडने सांगितलं. बाकी सगळीकडे अत्याचार झालेली मुलगी म्हणजे रडणारी, पांढरीफटक, कुणी हात लावू नये अशी. ज्यूड तशी नाही. ती कुठून आली हे कळल्यावर मला ती आजार वाटलीच नाही. ती त्या मुलीच्या दारात उभी राहिलेली मोठी बहीण वाटली.

पीचट्री

@नवीन_आयडी, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. मला याच्या पुढे काही बोलायचं नाही, फक्त वाचलं हे सांगायचं होतं.

मृगजळी

@नवीन_आयडी, काल रात्री तुमचं वाचलं, उत्तर आज लिहिते आहे.

मी लिहिलं होतं की जॉन्क्विनेटच्या वाट्याला लाज आली आणि ज्यूडच्या वाट्याला इच्छा, आणि यात लेखिकेने बाईला कमी केलं. तुम्ही सांगता आहात की ती वाटणी तुमच्यावर आधीच झालेली होती, आणि पुस्तकाने फक्त तिला नावं दिली. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं असं मला वाटतं. पुस्तक एका वाचकाला जे देतं ते दुसऱ्या वाचकाने नाकारायचं कारण नाही.

तरी एक गोष्ट सोडवत नाही. तुम्हाला ज्यूड मोठी बहीण वाटली ती तुमच्या वाचण्यातून. समईवात म्हणतात तसं, चांगला उपचारकर्ताही तिच्याशी तसाच बोलेल. कादंबरीने मात्र तिला भीतीदायक केलं आहे, प्रसंगांची मांडणी, दृश्यांचे शेवट, सगळं तिच्यापासून सावध राहा असं सांगत राहतं. तुम्ही पुस्तकापेक्षा उदार आहात. लेखिका तेवढी उदार झाली असती तर? मला झेनकडून अजून तेच हवं आहे, आणि आता ते तुमच्यासाठीही हवं आहे.

नवीन_आयडी

हो, भीतीदायक केलं आहे, ते खरं. एकोणीस वर्षांची होते तेव्हा ती पानं मी वगळून वाचायची. वगळल्यावर जे उरायचं ते माझं पुस्तक होतं.

घाटरस्ता

मी पन्नास पानांवर सोडली होती. पुन्हा उघडतो आहे, या वेळी 'अ‍ॅडिक्टेड'पासून. झाली की इथेच लिहीन. मृगजळी, एक विनंती आहे. शेवटाबद्दल बोलायला वेगळा धागा काढाल का, ज्यांनी वाचली आहे त्यांच्यासाठी? ज्यूडचं नेमकं काय होतं यावर बोलल्याशिवाय तुमचा मूळ प्रश्न तडीला जात नाही.

मृगजळी

काढते, रविवारपर्यंत. शीर्षकातच 'शेवट उघड केला आहे' असं लिहीन. समईवात आणि सांजदिवा, तुम्ही दोघी मार्सेलाचे शेवटाकडचे प्रसंग परत वाचून या. मला ते तुमच्या नजरेतून बघायचे आहेत.